चिंचेने घासलेला रुपया

माझ्या दुकानात कोणी नाणं दिलं की मी ते आधी अंगठ्याखाली फिरवते, मग गल्ल्यात टाकते. पन्नाशी उलटली तरी ही सवय गेली नाही. विसरवाडीला हायवेला लागून माझं भांड्यांचं दुकान आहे. ट्रकवाले, एस.टी. बदलायला उतरलेले प्रवासी, आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं माझ्याकडून तवे, पातेली, पिंपं नेतात, आणि नाणं फिरवताना पाहून काही जण चिडतात. "बाई, आम्ही काय चोर आहोत का?" मी म्हणते, "तुम्ही नसाल." खरा संशय मला एकाच माणसाचा आहे. तो मला वयाच्या आठव्या वर्षी भेटून गेला.

माझं माहेर खांडबाऱ्याचं. वडील, म्हणजे आमचे आबा, स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाली करायचे. माय आठवडे बाजारात फुटाणे, शेंगदाणे आणि मुरमुरे विकायची. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बाजाराच्या दिवशीही तो शाळेत जायचा आणि मी मायबरोबर पोत्यावर बसायची. हे असं का, ते तेव्हा कोणी विचारत नव्हतं. मीही नाही.

त्या दिवशी माय पाणी आणायला गेली. जाताना म्हणाली, "कोनी उना ते थांबाड. मी ई ऱ्हायनू." मी थांबवणार नव्हते. मला विकायचं होतं. पांढऱ्या सदऱ्यातला, हातात छत्री असलेला एक माणूस आला आणि म्हणाला, "चार आनाना फुटाना दे व पोर."

मी पुडी बांधली. त्याने रुपया दिला. तेव्हाचा रुपया मोठा असायचा, आठ वर्षांच्या पोरीच्या तळहाताला जड वाटायचा. पण हा काहीतरी वेगळाच होता. एका बाजूने कोरा होता. चंद्रकोरीएवढा भाग एकदम गुळगुळीत, आणि सगळं चित्र दुसऱ्या कडेला सरकलेलं. रुपयाच्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना गव्हाच्या ओंब्या असायच्या. याच्यावर एकच ओंबी होती. दुसरी कडेच्या बाहेर गेली होती. उलटून पाहिलं तर सिंहांचंही तेच, एक सिंह पुरा, बाकीचे कापलेले.

"हाई काय शे?" मी विचारलं.

"नवा रुपया शे. चांदवाला. सरकारनी नवा काढा." मग माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघून म्हणाला, "तुमना गावमा आजून उना नही का? नंदुरबारले ते बठ्ठा बजारमा चाली ऱ्हायना."

मला लाज वाटली. जे नंदुरबारला चालतं ते आम्हाला माहीत नाही, याची लाज. मी चटकन म्हटलं, "माहीत शे माले," आणि बारा आणे परत मोजून दिले. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. माणूस नवा रुपया घेऊन आपल्याकडे पहिल्यांदा आला म्हणून मी पुडीत वरून आणखी एक मूठ फुटाणे टाकले. माझी आठ वर्षांची मूठ. ती मूठ मला बारा आण्यांपेक्षा जास्त लागली आहे, आजही लागते.

माय आली. तिने रुपया हातात घेतला, एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिला.

"कोनी दिधा?"

मी पळत सुटले. मिरचीच्या ढिगांमधून, कोंबड्यांच्या टोपल्यांवरून उड्या मारत स्टेशनपर्यंत गेले. सुरतकडे जाणारी गाडी नुकतीच हलत होती. डब्यांच्या दारात पुष्कळ पांढरे सदरे होते. मी फलाटावर उभी राहून सगळ्यांना शिव्या दिल्या. गाडी गेली.

परत आले तेव्हा माय तो रुपया चालवायच्या खटपटीला लागली होती. तेलवाल्याने नाही घेतला. मीठवाल्याने बघून परत केला. एस.टी.च्या कंडक्टरने तर वाजवूनही पाहिला आणि म्हणाला, "नाणं खरं आहे मावशी, पण छापताना साचा सरकलाय. मी घेतला तर माझ्याकडून कोण घेईल?" म्हणजे खोटा नव्हता. सरकारनेच काढलेला होता. फक्त कोणी घेत नव्हतं.

मी मार खायच्या तयारीने उभी होते. मायने मारलं नाही. रुपया पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि पोत्यावर बसून फुटाणे मापायला लागली. संध्याकाळी भावाला कळलं. तो हसून हसून लोळला. "चांदवाली उनी, चांदवाली उनी!" हे नाव तेव्हा पडलं ते पंचेचाळीस वर्षं पुसलं गेलं नाही.

श्रावण आला. आमच्या खानदेशात श्रावणात घरोघरी कानबाई बसते. नारळाला डोळे-नाक काढायचं, नथ घालायची, दागिने चढवायचे, आणि तो नारळ म्हणजे देवी. तिच्यासाठी गव्हाच्या पिठाचे रोट करतात. पीठ असंच कुठलंही चालत नाही. दळायच्या आधी गहू मोजून घ्यायचा: घरात जेवढे पुरुष, तेवढ्या सव्वा-सव्वा मुठी. म्हाताऱ्या आजोबांची सव्वा मूठ, पाळण्यातल्या पोराचीही सव्वा मूठ. बाईची नाही. पोरीची तर नाहीच, पोरगी लग्न होऊन दुसऱ्या कुळाची होते. आणि ते रोट फक्त कुळातल्या माणसांनी खायचे. आमच्या घरी तरी असंच होतं.

त्या वर्षी कानबाई बसली तेव्हा मी नारळाखालच्या ताटलीत पाहिलं. तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि मधोमध माझा चांदवाला रुपया. मायने चिंचेने घासून लख्ख केला होता. भाऊबंद आले, बायका आल्या, सगळ्यांनी विचारलं, "हाई काय शे?" आणि भावाने सगळ्यांना माझी गोष्ट सांगितली. दरवर्षी विचारायचे, दरवर्षी तो सांगायचा. मला वाटलं, मायने हा रुपया माझी जिरवायला ठेवलाय. दरवर्षी देवीसमोर, चार माणसांत. मारण्यापेक्षा हे वाईट होतं.

मी ठरवलं, यापुढे मला कोणी फसवायचं नाही. मी लहान होते, पण ठरवताना लहान नव्हते.

लग्न होऊन विसरवाडीला आले. नवरा साधा, कोणी दोन रुपये कमी दिले तरी "राहू द्या" म्हणणारा. मी त्याला हळूच बाजूला बसवलं. ॲल्युमिनियमची सहा पातेली डोक्यावर घेऊन बाजार केले. नवापूर, चिंचपाडा, खांडबारा. जुन्या कपड्यांवर भांडी दिली, मोडीवर भांडी दिली. पहिला भाव कधी घेतला नाही आणि पहिला भाव कधी दिला नाही. एकदा सुरतच्या एका व्यापाऱ्याने तांब्यांच्या वजनात खोकाही धरला, तर मी तो खोका त्याच्याच पायावर टाकला. तो ओरडला, मीही ओरडले, शेवटी खोक्याचं वजन वजा झालं. मला माहीत आहे लोक मला तापट म्हणतात. दुकान माझ्या नावावर आहे, हेही त्यांना माहीत आहे.

सुरतला स्टेशनच्या बाहेरच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ जुनी नाणी, नोटा विकायचे. एकदा मी मुद्दाम थांबले आणि कागदावर माझा रुपया काढून दाखवला. चंद्रकोर, एक ओंबी. ते हसले. म्हणाले, "टाकसाळमा साचो सरकी गयो. आवा मळे छे, बेन. असे मिळतात, घेणारे असतात." भाव विचारला. हजार, दीड हजार, एखादा हौशी असला तर दोन. मग त्यांनी मला एकच विचारलं: "धोयो तो नथी ने?" धुतला-बिटला नाही ना? मी म्हटलं, आमच्याकडे दरवर्षी चिंचेने घासतात. त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. घासलेल्या नाण्याला ते लोक हात लावत नाहीत. जसा टाकसाळीतून आला तसाच, न घासलेला हवा, काळा पडला तरी चालतो. "तमारी देवीए भाव खाई लीधो," ते म्हणाले.

मी हे कुणाला सांगितलं नाही. भाव कळला की तो तोंडातून काढायचा नाही, एवढं मला कळतं.

आबा गेले, नंतर माय गेली. कानबाई भावाच्या घरी राहिली, रुपयाही तिथेच राहिला. मी दरवर्षी श्रावणातल्या त्या रविवारी संध्याकाळी जायचे, देवीला हात जोडायचे, भाऊ पाहुण्यांना गोष्ट सांगायचा, मी हसल्यासारखं करायचे आणि शेवटच्या एस.टी.ने परत यायचे. दोनदा मी तो रुपया मागितला. एकदा गोडीत, एकदा भांडून. भाऊ म्हणाला, देवीचा आहे. फसवली गेले मी, नाव पडलं माझं, आणि रुपया त्याच्या देवीचा.

मागच्या श्रावणात, कानबाईला चार दिवस असताना वहिनीचा फोन आला. आवाज दबका.

"ताई, तुमना भाऊ चांदवाला रुपया इकी ऱ्हायनात."

"कोनले?"

"मोबाईलमा एक मानूस शे. तीन लाख देस म्हने."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, नवऱ्याला म्हटलं, "कोणी उधारीवर पिंप मागितलं तर देऊ नकोस," आणि मिळाली ती जीप पकडली.

भाऊ ओसरीत खाटेवर बसला होता. समोर प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत रुपया. शेजारी मोबाईल. वहिनी खाली गव्हाचं पोतं उघडून, सुपात गहू निवडत होती. तो दिवस रोटाचे गहू मोजण्याचा होता. लग्नाआधी गहू मोजताना आम्हा पोरींना बाहेर घालवायचे, आणि लग्नानंतर मी त्या दिवशी कधी माहेरी आले नव्हते. पोरी रविवारी येतात, गहू आधीच मोजून दळून झालेला असतो.

"आज कशी काय उनी?" भाऊ म्हणाला आणि पिशवीवर हात ठेवला.

"तीन लाखना मानूस देखाले उनू."

त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी सुपाकडे पाहत होती.

"तुले काय करनं शे?" भाऊ म्हणाला. "घर गळी ऱ्हायनं. पत्रा बदलना शे. देवीले काय, दुसरा रुपया ठेवसूत."

"त्या मानूसनी तुले काही मांगं का?"

त्याने मोबाईल मांडीवर ओढला.

"मांगं का नही?"

"फी ऱ्हास," तो म्हणाला. "नोंदनीनी. सरकारी."

"कितली?"

वहिनी सूप न थांबवता म्हणाली, "अडीच हजार धाडी दिधात. आते जीएसटीना साडेचार मांगी ऱ्हायना."

"तू गप्प बस!" भाऊ ओरडला.

"मी गप्पच व्हती. पैसा धाडा तवय बी गप्पच व्हती."

मी हात पुढे केला. "फोन लाव त्याले." भावाने आढेवेढे घेतले, पण लावला. मी फोन घेतला. पलीकडून गोड आवाज आला. पुस्तकातल्यासारखं मराठी.

"मॅडम, तुमची फाईल पूर्ण तयार आहे. फक्त साडेचार हजार जीएसटी भरला की अर्ध्या तासात तीन लाख खात्यात."

"फारच चांगलं," मी म्हटलं. "मग असं करा, साडेचार हजार तुम्हीच त्या तीन लाखांतून कापून घ्या. बाकीचे पाठवा."

"मॅडम, सिस्टीममध्ये तसं होत नाही."

"बरं, दहा हजार कापा. साडेपाच तुमच्या चहाला."

"मॅडम, आधी भरावे लागतात."

"पन्नास हजार कापा. लाख कापा. दोन लाख तुमचे, एकच लाख आम्हाला पाठवा. इतका फायदा तुम्हाला कोणी दिला नसेल, भाऊ."

"मॅडम, तुम्ही समजून घेत नाही आहात."

"समजले. मग रोख घेऊन या. खांडबारा स्टेशनला उतरा, मी फलाटावर उभी राहते. नाणं माझ्या हातात असेल. तुम्ही पांढरा सदरा घालून या, ओळखायला बरं पडेल."

त्याने फोन ठेवला. परत लावला तर लागेना. भावाने स्वतःच्या हाताने तीनदा लावून पाहिला. मग मोबाईल खाटेवर उलटा ठेवला.

मी गप्प बसायला हवं होतं. मला ते जमत नाही. मी म्हटलं, "पंचेचाळीस वरीस माले चांदवाली म्हनं ना तू? मी आठ वरीसनी व्हती, बारा आनाले फसनू. तू साठीले उना आनि अडीच हजारले फसना. आते तुले काय म्हनू?"

त्याचं तोंड लाल झालं. त्याने पिशवीतून रुपया काढला, मुठीत धरला आणि म्हणाला, "फसनू ते फसनू. रुपया तरी तुले नही देवाव."

"मन्हा शे तो."

"देवीना शे."

"देवीना शे ते इकी कसाले ऱ्हायना व्हता?"

"मन्हा घरनी देवी, मी देखसू. पोरीस्ले रोटमा वाटा नही."

"माले रोट नकोत. किंमत सांग."

"देवीना सौदा करी ऱ्हायनी?"

"सकायपाईन तू काय करी ऱ्हायना व्हता?"

इथून पुढे आम्ही खरोखरच सौद्याला बसलो. त्याने रुपया दोघांच्या मध्ये खाटेवर ठेवला. मी अडीच हजार म्हटलं, त्याचं गेलेलं भरून निघेल एवढं. तो म्हणाला वीस. मी तीन म्हटलं. तो म्हणाला, पत्रा वीसलाच येतो. मी चार म्हटलं. तो वीसवरून हलेना. मी पाच म्हटलं, आणि म्हणताच माझ्या लक्षात आलं की तो एक पैसा खाली आलेला नाही आणि मी एकटीच चढत चालले आहे. माझ्या दुकानात असं करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी मनातल्या मनात हसते. आणि वस्तू कसली, तर चिंचेने घासलेली, सुरतच्या म्हाताऱ्याने कागदावरूनच परत केलेली. तरी मी पाकीट उघडलं. मला तो रुपया न्यायचाच होता. घरी नेऊन काय करणार होते ते मात्र मी ठरवलं नव्हतं. बहुतेक कुलूपबंद ठेवला असता, म्हणजे कोणी विचारणार नाही आणि कोणी सांगणार नाही.

"सात," मी म्हटलं.

वहिनीला आमच्या ओरड्याचा कंटाळा आला होता. तिचं काम खोळंबलं होतं. तिने निवडलेला गहू परातीजवळ ओढला आणि मोजायला लागली. मूठ आणि वर पाव मूठ, नाव घेत घेत.

"हाई यास्नी." भावाची. "हाई मोठानी. हाई धाकलानी. हाई नातूनी."

मग ती उठली, आमच्या दोघांच्या मधून हात घालून खाटेवरचा रुपया उचलला, जणू काही सुपाशेजारची सुपारीच उचलतेय, आणि परातीतल्या गव्हावर ठेवून अंगठ्याने जरा आत दाबला.

"आनि हाई पोरनी." पोरीची.

मी पाकीट हातात धरून तशीच राहिले. "वहिनी, काय म्हनी तू?"

"काय म्हनू? गहू मोजी ऱ्हायनू."

"रुपया ठेवताना काय म्हनी?"

"हाई पोरनी, म्हनू. सासूबाई तसंच म्हनेत. बठ्ठास्न्या मुठी झाया का त्या रुपया टाकेत आनि हळूच म्हनेत, आनि हाई पोरनी. मंग दयनले जावाना आगोदर काढी लेवानं, धुई-घाशी देवीखाले ठेवानं."

"कोनती पोर?"

"मी काय इचारं नही." वहिनी जरा बुजली. "मी आपली मन्ही पोरना नावनी टाकस." तिची मुलगी कळसाडीला दिलेली आहे. लग्नाला सहा वर्षं झाली.

मी भावाकडे पाहिलं. तो मोबाईल सुलटा-उलटा करत होता.

"तुले माहीत व्हतं," मी म्हटलं.

मग त्याने सांगितलं. त्या पहिल्या श्रावणात तो बारा वर्षांचा होता. मायला गव्हात रुपया टाकताना त्याने पाहिलं आणि विचारलं, न चालणारा रुपया देवीच्या गव्हात कशाला? माय म्हणाली, "हाऊ कोनी लेवाव नही, म्हनीसन कोनी लई बी जावाव नही. पोरनी मूठ टाकता येस नही ना. तिन्हा नावना हाऊ ऱ्हाऊ दे."

"आनि तू माले पंचेचाळीस वरीसमा सांगं नही."

"तू इचारं का कधी?" मग जरा खाली आवाजात, "सांगतू ते तू मांगती."

मला आधी रागच आला. भावाचा तर आलाच, मायचाही आला. एका शब्दाने सांगायला काय झालं होतं तिला? मी पंचेचाळीस वर्षं त्या ताटलीकडे बघून दात खात होते. मग मला तिचा हिशेब दिसला. मुठी किती, हे बघायला सासू, चुलतसासवा, भाऊबंद सगळे टपलेले. पोरीची मूठ टाकली असती तर परात तिथल्या तिथे उलटी झाली असती. म्हणून तिने अशी वस्तू टाकली जी कोणी मोजत नाही. बाजारात जी चालत नाही ती घरात चालवली, आणि भाऊबंदांना कळू दिलं नाही, मलाही नाही. असे सौदे मी पुष्कळ केलेत. माल घेताना खोक्याच्या तळाशी एखादं जास्तीचं झाकण ठेवून द्यायचं, समोरच्याने बघायच्या आत वरचं बांधून टाकायचं. मला वाटायचं, मी हे त्या पांढऱ्या सदऱ्यावाल्यापासून शिकले.

मी पाकीट बंद केलं. भावाने ते पाहिलं आणि घाईने म्हणाला, "सात ते सात. दे."

"आते नको."

"आते म्हनी ना तू सात?"

"रुपया आठेच ऱ्हाई. पोरना नावना शे ना, मंग आते तुन्ही पोरना नावना. वहिनी टाकस तसा टाकू दे." मी खाली बसले, वहिनीच्या शेजारी, पोत्याजवळ. "मन्ही मूठ टाकनी शे."

भाऊ खाटेवरून उठला. "असं कधी व्हयेल नही."

"आज व्हई."

"तुन्हा कूळ दुसरं शे!"

"तठे बी मन्ही मूठ नही. नवऱ्यानी शे, पोऱ्यास्नी शे. मन्ही दोन्हीकडे नही. मंग मी कोनती देवीनी?"

"भाऊबंद काय म्हनतीन?"

"त्यास्ले आधी सांग तू अडीच हजार कोनले धाडात. मंग मुठनं सांग."

वहिनी खुदकन हसली आणि पदर तोंडावर घेतला. भाऊ बसला. मला माणसं बसलेली कळतात. सौदा होत आला की ती अशीच बसतात, एक पाय खाली सोडून. तो म्हणाला, "बरं. पाव मूठ टाक. मान ऱ्हाई तुन्हा."

"सव्वा."

"अर्धी."

"सव्वा. पायनामाना पोऱ्यानी सव्वा पडस, मन्ही अर्धी कसाले?"

"मंग एक. वरना पाव सोड."

"सव्वा."

तो हात झटकत म्हणाला, "टाक व वहिनी, टाक तिन्ही सव्वा! नही ते दारामा उभी राहीसन गाव गोया करी." स्वतःच्या बायकोला तो चिडला की वहिनी म्हणतो.

वहिनीने पोत्यात हात घातला. मी तिचा हात धरला. तिचा हात लहान आहे. लग्नात बांगड्या भरताना सगळ्यांनी कौतुक केलेला हात. आत्तापर्यंतच्या सगळ्या मुठी त्याच मापाच्या होत्या. मापाचं आधी बघायचं, हे मला कोणी शिकवायला नको.

"मन्ही मूठ मन्हा हातनी," मी म्हटलं.

भांडी वाहून माझा पंजा रुंद झाला आहे. मी पोत्यात मनगटापर्यंत हात घातला, भरला, आणि एक दाणा न सांडता परातीत रिकामा केला. मग पाव. भाऊ बघत होता. त्याच्या मुठीपेक्षा ढीग मोठा झाला होता हे त्यालाही दिसलं.

दळणाला गहू न्यायच्या आधी वहिनीने रुपया काढून घेतला. मी तो मागितला. भाऊ एकदम सावध झाला.

"आते काय?"

"चिच दे वहिनी. आनि राख."

मी नळाखाली बसले. मायने तो हलक्या हाताने घासला असणार, वहिनीही तशीच घासते. मी तवे घासते तसा घासला. दोन्ही बाजू, कडा, कोऱ्या चंद्रकोरीत, ओंबीच्या रेघांत. हाताला आंबट वास येईपर्यंत, बोटं झोंबेपर्यंत. भाऊ मागे येऊन उभा राहिला. तेव्हा मी त्याला सुरतच्या म्हाताऱ्याने सांगितलेलं सांगितलं. घासलेल्या नाण्याला भाव नाही, थोडा घासलेला एखादा आंधळा घेईलही, असा घासलेला कोणीच नाही.

"म्हन्जे सात हजार तू फुकटना देवाले उनी व्हती?"

"हो."

मी एवढी मोठी चूक केलेली त्याने माझ्या आठव्या वर्षानंतर पाहिली नव्हती.

"मंग आते कोनी लेवाव नही याले?"

"कोनीच नही," मी म्हटलं, आणि राखेची आणखी एक चिमूट घेतली.